दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल, तरी ब्युरेट १०.९ दाखवतंय. चूक नेमकी कुठे शोधायची?

द्रावण_२५०

नमस्कार. बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलचे तीन आकडे काही केल्या जुळत नाहीत. जर्नलमध्ये अपेक्षित उत्तर लिहून मोकळं व्हायचं नाहीये, म्हणून जे केलं ते सगळं इथे मांडते.

पहिलं, अनुमापन (टायट्रेशन). ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल द्रावण २५० मिली करायचं होतं. तुल्यभार ६३ धरून (१ नॉर्मल म्हणजे लीटरमध्ये तुल्यभाराइतके ग्रॅम) १.५७५ ग्रॅम येतं. आमचा डिजिटल तराजू दोनच दशांश दाखवतो, त्यावर १.५८ ग्रॅम घेतलं. मोजपात्राने २५० मिली डिस्टिल्ड वॉटर मोजून चंचुपात्रात ओतलं आणि त्यात ॲसिड विरघळवलं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या १.०० ग्रॅम, त्याही तशाच २५० मिली पाण्यात. सगळी भांडी आधी पाण्याने आणि मग ज्या त्या द्रावणाने खळबळून घेतली. पिपेटने १० मिली ॲसिड कोनिकल फ्लास्कमध्ये, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, ब्युरेटमध्ये अल्कली. प्रत्येक वेळी ब्युरेट पुन्हा न भरता पुढे चालू ठेवलं: ० ते १०.९, १०.९ ते २१.६, २१.६ ते ३२.८. म्हणजे १०.९, १०.७ आणि ११.२. १०.० यायला हवं होतं ना? सरासरी १०.९३ लिहू का?

दुसरं, हायड्रोक्लोरिक ॲसिडचं ०.१ नॉर्मल द्रावण ५०० मिली. ३६.५ × ०.१ × ०.५ = १.८२५, म्हणून संहत ॲसिड १.८ मिली घेतलं. बाटलीवर ३६ टक्के आणि १.१८ असे आकडे आहेत. हे द्रावण फारच विरल निघालं.

तिसरं भौतिकीचं. पोलादी तारेचा यंग गुणांक (ताण भागिले विकृती). तारेची लांबी २ मीटर, भार २ किलो, वाढ १.०८ मिमी. स्क्रू गेजवर तारेचा व्यास ०.५२ मिमी. गेज रिकामा बंद केला की ४ क्रमांकाची रेघ समोर येते, म्हणून ०.०४ मिळवून ०.५६ घेतला. उत्तर १.४७ × १०^८ न्यूटन प्रति चौरस मीटर. पुस्तकात २ × १०^११ आहे.

---

अंत्यबिंदू

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: सरासरी लिहू नकोस. १०.७ आणि ११.२ मध्ये अर्ध्या मिलीचा फरक आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे हे दहा थेंब झाले. एवढी फारकत असलेल्या रीडिंगांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. दोन, शक्यतो तीन रीडिंगं ०.१ मिलीच्या आत येईपर्यंत अनुमापन चालू ठेवायचं आणि तोच आकडा सी.बी.आर. (स्थिर ब्युरेट रीडिंग) म्हणून घ्यायचा. पहिलं रीडिंग अंदाजाचं समजून सोडून दिलं तरी चालतं.

इथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. रीडिंगं एकमेकांशी का जुळत नाहीत, हा एक. सगळीच १० च्या वर का आहेत, हा दुसरा. पहिल्याचं कारण हाताच्या पद्धतीत असतं. दुसऱ्याचं बहुधा द्रावणात.

दुसऱ्यापासून सुरू करू. फरक ९ टक्क्यांचा आहे. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवण्याआधी प्रत्येक पायरीत जास्तीत जास्त किती चूक मावते ते बघू. तराजू ०.०१ ग्रॅमचा. १.५८ मध्ये ०.०१ म्हणजे सुमारे ०.६ टक्के. गोळ्यांच्या वजनात ०.०१ म्हणजे १ टक्का. २५० मिलीच्या मोजपात्रात दोन मिली इकडेतिकडे झाले तर ०.८ टक्के. पिपेट साध्या दर्जाची धरली तरी १० मिलीत ०.०४, म्हणजे ०.४ टक्के. ब्युरेटवर सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी ०.०५ मिली डोळा चुकला तर १० मध्ये ०.१, म्हणजे १ टक्का. हे सगळं दुर्दैवाने एकाच बाजूला झुकलं तरी बेरीज ४ टक्क्यांच्या आसपास राहते. ९ टक्के यातून निघत नाहीत. म्हणजे एखादी पायरी मुळातच गृहीतात चुकलेली आहे.

ती पायरी म्हणजे गोळ्या. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी खेचतं आणि कार्बन डायऑक्साइडही घेतं. वॉच ग्लासवर दोन मिनिटं ठेवलेल्या गोळीला हात न लावता बघ, कडा ओलसर होऊन ती काचेला चिकटते. तू वजन केलेल्या १.०० ग्रॅममध्ये हायड्रॉक्साइड किती, पाणी किती, कार्बोनेट किती, हे तराजू सांगू शकत नाही. म्हणूनच त्याला प्राथमिक प्रमाण पदार्थ (नुसत्या वजनावरून द्रावणाची ताकद सांगता येते असा) म्हणत नाहीत. वजन करून बनवलेलं सोडियम हायड्रॉक्साइड हे नेहमी 'अंदाजे ०.१' असतं आणि त्याचा खरा आकडा ऑक्झॅलिक ॲसिडकडून काढून घ्यायचा असतो. तुझ्या प्रयोगाचा हेतूच तो आहे. १०.० येणं अपेक्षितच नव्हतं.

ऑक्झॅलिक ॲसिडवर विश्वास ठेवतो कारण ते स्फटिकी आहे, दोन पाण्याचे रेणू धरून त्याचं सूत्र ठरलेलं आहे, रेणुभार १२६.०७ आणि तुल्यभार ६३.०३. पण त्याचीही एक खोड आहे. बाटली बरेच दिवस सैल झाकणाने कोरड्या उन्हाळ्यात राहिली तर स्फटिकांचं पाणी उडतं आणि वर पांढरी भुकटी दिसू लागते. असं ॲसिड वजनाला तेवढंच, पण ताकदीने जास्त, आणि मग ब्युरेटचं रीडिंग वर जातं. चमकदार स्फटिक असतील तेच घे. संशय असेल तर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने पडताळा करता येतो. त्याचा तुल्यभार २०४.२२, त्यामुळे २५० मिलीला ५.१०६ ग्रॅम लागतं. एवढं मोठं वजन घ्यायचं असल्यामुळे दोन दशांशांच्या तराजूवरही चूक ०.२ टक्क्यांवर येते. साधे तराजू असलेल्या कॉलेजांना हा पदार्थ खरं तर जास्त सोयीचा.

आणि १.५८ घेतलं आहेस तर गणितात ०.१००० लिहू नकोस. १.५८ ÷ ६३.०३ ÷ ०.२५ = ०.१००३ नॉर्मल. वजन ठरलेल्या आकड्यावर आणण्यासाठी चिमटीने कण काढत बसायची गरजच नाही. जे आलं ते लिहायचं आणि नॉर्मलिटी त्याप्रमाणे काढायची.

आता रीडिंगं का हलतात ते. ब्युरेट भरल्यावर तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला का बघ. तो मध्येच निसटला की तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच पातळी खाली जाते. तोटी एकदम पूर्ण उघडून जोराने धार सोडली की बुडबुडा निघतो. भरताना वापरलेलं फनेल वरून काढून ठेव, त्याच्या देठाला लटकलेले थेंब अनुमापन चालू असताना आत पडतात. टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवून वॉश बॉटलने खाली धुवून घे. रंग फिकट गुलाबी आला आणि फ्लास्क हलवत असताना अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद गुलाबी म्हणजे अंत्यबिंदू (थांबायची जागा) मागे पडला. नंतर तो फिकट रंगही उडून जातो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. म्हणून आणखी थेंब टाकायचा नाही.

एक बरं केलंस की फिनॉल्फ्थॅलिन घेतलंस. ऑक्झॅलिक ॲसिडचा दुसरा हायड्रोजन सुटतो तो मिथिल ऑरेंजच्या रंगबदलाच्या पट्ट्यातच, त्यामुळे तो दर्शक वापरला तर रंग हळूहळू सरकत जातो आणि नेमका थांबा सापडत नाही.

---

लघुतम_माप

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या गणितात दोन चुका आहेत. एक मोठी आणि ठळक, ती लगेच सापडते. दुसरी लहान दिसते, पण जास्त घातक आहे.

मोठी: चौरस मिलिमीटरचं चौरस मीटर करताना १००० ने भागलंत. मिलिमीटर ते मीटर १०००, म्हणून चौरसाला १००० चा वर्ग, म्हणजे १० लाख. घनाला १०० कोटी. एकक सोडवताना कंसात लिहायची सवय ठेवा: ०.१८१ मिमी² = ०.१८१ × (१०^−३ मी)² = १.८१ × १०^−७ मी². घात एककालाही लागतो हे कंस डोळ्यासमोर ठेवतो. उत्तर बरोबर १००० पटीने घसरलं असेल तर आधी क्षेत्रफळच तपासावं.

लहान: शून्य त्रुटीचं चिन्ह. गेजमध्ये काहीच नसताना तो ०.०४ दाखवतोय. म्हणजे तो प्रत्येक वस्तूला ०.०४ जास्त सांगणार. जास्त सांगतो त्यातून वजा करायचं. तारेचा खरा व्यास ०.५२ − ०.०४ = ०.४८ मिमी. वर्तुळाकार पट्टीचं शून्य आडव्या रेघेच्या खाली राहिलं तर धन त्रुटी, वर गेलं तर ऋण. मात्र हा नियम पाठ करण्यापेक्षा 'रिकाम्या हाताने तो किती सांगतोय' हा प्रश्न विचारलेला बरा, तो व्हर्नियरलाही लागू पडतो. रिकामा असताना ९६ ची रेघ समोर आली तर ते +०.९६ नाही, ते −०.०४ आहे. तिथे वजा वजा अधिक होऊन ०.०४ मिळवावे लागतात.

ही चूक घातक का म्हणतो ते बघा. ०.५६ ने क्षेत्रफळ ०.२४६ मिमी² येतं, ०.४८ ने ०.१८१. फरक ३६ टक्के. त्रुटी दुरुस्तच केली नसती आणि ०.५२ तसाच ठेवला असता तर १७ टक्के. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून व्यासातली टक्केवारी दुप्पट होऊन उत्तरात उतरते. आणि १००० पटीची चूक कुणाच्याही लक्षात येते, ३६ टक्क्यांची 'प्रायोगिक त्रुटी' म्हणून जर्नलमध्ये खपून जाते.

दोन्ही दुरुस्त करून (भार २ × ९.८ = १९.६ न्यूटन): १९.६ × २ ÷ (१.८१ × १०^−७ × १.०८ × १०^−३) = २.०१ × १०^११ न्यूटन प्रति चौरस मीटर. तुमचं मोजमाप मुळात चांगलं होतं.

वेळ कुठे घालवायचा तेही यावरून ठरतं. लांबी २ मीटरमध्ये १ मिमी चुकली तर ०.०५ टक्के. व्यास ०.०१ मिमीने चुकला तर २ टक्के, म्हणजे उत्तरात ४ टक्के. तार मीटरपट्टीवर पुन्हा पुन्हा मोजण्यात अर्थ नाही. व्यास मात्र वर, मध्ये, खाली अशा निदान तीन जागी घ्या आणि प्रत्येक जागी गेज ९० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा घ्या, कारण तार अगदी गोल असेलच असं नाही. गेज बंद करताना मोठ्या नळकांड्याला पकडून पिळू नका. टोकाच्या रॅचेटने फिरवा आणि टिकटिक आली की थांबा. जास्त जोर लागला तरी दोन-तीन रेघांचा फरक पडतो.

वाढ मोजताना उपकरणाचा स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत रेघेवर आणायचा. पुढे गेला म्हणून किंचित उलटा फिरवून आणला तर आट्यांमधली सैल जागा रीडिंगमध्ये शिरते. पुढे गेलाच तर बराच मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने या. आणि सुरुवातीला थोडा भार टांगून तार सरळ करून घ्या, तिथलं रीडिंग शून्य माना. तारेला पीळ असतील तर पहिल्या अर्ध्या किलोला ती ताणली न जाता नुसती सरळ होते आणि वाढ फसवी मोठी दिसते.

---

वॉशबॉटल

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

१.८२५ हे ग्रॅम आहेत, आणि तेही शुद्ध हायड्रोजन क्लोराइडचे. बाटलीत आहे ते पाण्यात मुरवलेलं, वजनाने ३६ टक्के. म्हणजे १.८२५ ÷ ०.३६ = ५.०७ ग्रॅम बाटलीतलं ॲसिड हवं. आता ग्रॅमचं मिली करायचं, त्यासाठी घनता: ५.०७ ÷ १.१८ = ४.३ मिली. तुम्ही १.८ मिली घेतलंत, त्यामुळे द्रावण ०.१ ऐवजी साधारण ०.०४२ नॉर्मल झालं. विरल वाटलं ते बरोबरच होतं.

उलट बाजूनेही करता येतं आणि ते जास्त सोयीचं. एक लीटर संहत ॲसिडचं वजन ११८० ग्रॅम, त्यातले ३६ टक्के ४२५ ग्रॅम, भागिले ३६.४६, म्हणजे ११.६५ नॉर्मल. मग एन१व्ही१ = एन२व्ही२ (नॉर्मलिटी × आकारमान दोन्हीकडे सारखं) ने ०.१ × ५०० ÷ ११.६५ = ४.२९ मिली. बाटली ३७ टक्क्यांची असली की हाच आकडा १२ च्या जवळ जातो, म्हणून पुस्तकांत सरसकट १२ दिलेला असतो. संहत सल्फ्युरिक ९८ टक्के, घनता १.८४: मोलॅरिटी १८.४ आणि नॉर्मलिटी त्याच्या दुप्पट, ३६.८. त्या एका 'दुप्पट'ने फार घोळ होतो. लेबलवर एम (मोलॅरिटी) आहे की एन (नॉर्मलिटी) ते नीट वाचून मगच गणित सुरू करा.

४.२९ मधल्या ०.०९ साठी जिवाचा आटापिटा करू नका. संहत हायड्रोक्लोरिकच्या बाटलीचं बूच जितक्या वेळा उघडतं तितका वायू उडून जातो, म्हणून हेही अंदाजेच द्रावण. ४.५ मिली लहान मोजपात्राने घ्या. हे काम धुराडपेटीत (फ्यूम हूडमध्ये), चष्मा लावून. पिपेटला तोंड लावायचं नाही, रबर बल्बच वापरायचा. फ्लास्कमध्ये आधी अर्ध्याहून जास्त पाणी, त्यात ॲसिड बारीक धारेने, मग खूण येईपर्यंत पाणी. सल्फ्युरिकच्या बाबतीत तर हा क्रम उलटा झाला की वर पडलेलं पाणी जागीच उकळून ॲसिडसकट अंगावर उडतं. त्याची उष्णता बरीच असते, म्हणून ते चंचुपात्रात विरल करून पूर्ण गार झाल्यावरच फ्लास्कमध्ये न्यायचं.

एककांबद्दल एवढंच, जे प्रॅक्टिकलला नेहमी नडतं. १ मिली म्हणजे १ घन सेमी, १ लीटर म्हणजे १ घन डेसिमीटर, १ घन मीटर म्हणजे १००० लीटर. घनता ग्रॅम प्रति घन सेमीवरून किलो प्रति घन मीटर करायची तर १००० ने गुणायचं: पाऱ्याची १३.६ ती १३,६००. पृष्ठताण डाइन प्रति सेमीमधून न्यूटन प्रति मीटर करायचा तर १००० ने भागायचं: पाण्याचा ७२ तो ०.०७२. एकात गुण, दुसऱ्यात भाग, म्हणून पाठांतर फसतं. १ डाइन = १०^−५ न्यूटन आणि १ सेमी = १०^−२ मीटर एवढ्या दोन ओळी मांडल्या की आपोआप उत्तर येतं. पॉइजचं पास्कल-सेकंद करताना १० ने भागायचं. वायूच्या गणितात आर (वायू स्थिरांक) ०.०८२१ घेतला तर दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लीटरमध्येच हवं. ८.३१४ घेतला तर पास्कल आणि घन मीटर. पाण्याचा कठीणपणा काढाल तेव्हा ०.०१ मोलर ईडीटीएचा (कॅल्शियमला बांधून घेणाऱ्या द्रावणाचा) १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट हे लक्षात ठेवा, पीपीएमचं गणित दोन ओळींत होतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत. अंत्यबिंदू यांचा हिशोब बरोबर आहे, पण एक गोष्ट नजरेतून सुटली असं वाटतं. "सगळी भांडी ज्या त्या द्रावणाने खळबळून घेतली" असं लिहिलंय. द्रावण_२५०, कोनिकल फ्लास्कसुद्धा ऑक्झॅलिक ॲसिडने खळबळला होता का? तीनही वेळा?

---

द्रावण_२५०

हो. तीनही वेळा. ब्युरेट-पिपेटसारखंच करायचं असतं असं वाटलं. खळबळून ओतून टाकलं आणि लगेच १० मिली घातलं.

---

वॉशबॉटल

मग रीडिंगं हलण्याचं मुख्य कारण हेच. ओतून टाकल्यावरही काचेला चिकटलेलं द्रावण तळाशी उतरतं. फ्लास्क नीट निथळला नाही तर ते ०.३ ते ०.५ मिली सहज असतं, आणि दर वेळी वेगळं. दोन्ही द्रावणं जवळपास सारख्याच ताकदीची असल्यामुळे आत राहिलेलं जेवढं जादा ॲसिड, जवळपास तेवढीच जादा अल्कली. ११.२ च्या वेळी थोडं जास्त राहिलं असेल, १०.७ च्या वेळी कमी. म्हणजे ९ टक्क्यांतले ३-४ टक्के तरी फ्लास्कचे, गोळ्यांचे नाहीत.

नियम असा विचारून ठरवायचा: या भांड्यात आकारमान मोजतोय की पदार्थाची एकूण मात्रा धरून ठेवतोय? ब्युरेट आणि पिपेट आकारमान मोजतात. त्यांत पाणी राहिलं तर द्रावण विरल होईल, म्हणून शेवटी त्याच द्रावणाने दोनदा, थोड्या थोड्या द्रावणाने खळबळायचं. कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून आणलेली मात्रा आहे. तिथे डिस्टिल्ड वॉटर कितीही राहिलं तरी मात्रा बदलत नाही, द्रावणाचा एक थेंब मात्र बदलतो. म्हणून तो फक्त पाण्याने धुवायचा आणि ओला वापरला तरी चालतो. मानेवर खूण असलेल्या २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कचंही तसंच, त्यात तोललेली मात्रा असते.

---

अंत्यबिंदू

बरोबर आहे, ते वाक्य मी वाचूनही पुढे गेलो. सगळा दोष गोळ्यांवर टाकला तो चुकला.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर: द्रावण चंचुपात्रात करायचं नाही. '२५० मिली पाण्यात विरघळवणं' आणि 'विरघळवून २५० मिली करणं' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दीड ग्रॅमला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, पण २५० मिलीत ५० ग्रॅम साखर घेतलीस तर ३० मिलीच्या आसपास जादा होतं. चंचुपात्रावरच्या रेघा ५ ते १० टक्क्यांपर्यंत चुकीच्या असू शकतात, त्या फक्त अंदाजासाठी. वरच्या दर्जाचा २५० मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क ०.१५ मिलीच्या आत बरोबर असतो. पदार्थ चंचुपात्रात थोड्या पाण्यात विरघळव, फनेलने फ्लास्कमध्ये घाल, चंचुपात्र आणि फनेल तीनदा धुवून ते पाणीही आत घे, खुणेच्या सेंटीमीटरभर खालपर्यंत पाणी भर, शेवटचे थेंब ड्रॉपरने. मग बूच लावून निदान दहा-पंधरा वेळा उलटसुलट कर. हे शेवटचं बरेच जण विसरतात. मग मानेतलं पाणी वरच राहतं आणि पहिल्या पिपेटला एक ताकद, शेवटच्या पिपेटला दुसरी मिळते.

ऑक्झॅलिक लवकर विरघळावं म्हणून गरम केलंस तर गार होईपर्यंत खूण गाठू नकोस. ६० अंशांना बरोबर खुणेपर्यंत भरलेलं द्रावण २७ अंशांना सव्वातीन मिलीने खाली बसतं.

पिपेटचं टोक रिकामं झाल्यावर फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून क्षणभर थांब. टोकात राहणारा शेवटचा थेंब फुंकून पाडायचा नाही, तो हिशोबात धरूनच खूण केलेली असते.

---

द्रावण_२५०

आमच्याकडे एका फ्लास्कवर २७ अंश लिहिलंय, दुसऱ्यावर २०. चालेल का? आणि पिपेट खरंच १० मिली देते का हे तपासायचं कसं?

---

लघुतम_माप

२७ अंश हे भारतीय मानकाचं तापमान, परदेशी मापाच्या भांड्यांवर २० असतं. काच फार थोडी प्रसरण पावते. बोरोसिलिकेटच्या २५० मिली फ्लास्कला ७ अंशांत ०.०२ मिलीचाच फरक पडतो. बिनधास्त वापरा. प्रश्न काचेचा नसून पाण्याचा आहे. विदर्भात मे महिन्यात प्रयोगशाळा ४० अंशांवर जाते. २० अंशांच्या थंड पाण्याने केलेलं द्रावण तिथे ०.६ टक्क्याने विरल होतं. म्हणून द्रावण करतानाचं आणि वापरतानाचं तापमान जवळपास सारखं ठेवा.

पिपेट तपासायला तीन दशांशांचा तराजू लागेल, भौतिकी विभागाकडे विचारून बघा. झाकणाची कोरडी लहान बाटली तोला, पिपेटने एकदा पाणी सोडा, पुन्हा तोला. २७ अंशांना पाण्याची घनता ०.९९६५, त्यातून हवेच्या उत्प्लावकतेचं थोडं वजा जातं, म्हणून १० मिलीचं वजन ९.९५ ते ९.९६ ग्रॅम यायला हवं. नेमकं १०.०० आलं तर पिपेट जास्त देतेय. पाच वेळा करा. पाचही जवळजवळ असतील आणि आकडा वेगळा असेल तर दोष पिपेटचा. आकडे आपसांतच हलत असतील तर हाताचा.

---

द्रावण_२५०

दोन्ही द्रावणं व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये पुन्हा केली, ऑक्झॅलिक पुन्हा १.५८ आणि गोळ्या १.०० ग्रॅम. कोनिकल फक्त पाण्याने धुतला, फनेल काढलं, प्रत्येक वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरलं. रीडिंगं १०.५, १०.४५, १०.४५. नॉर्मलिटी ०.१००३ × १० ÷ १०.४५ = ०.०९६० धरली. बरोबर ना?

---

अंत्यबिंदू

बरोबर. आणि आता राहिलेले ४ टक्के गोळ्यांचे आहेत असं म्हणायला जागा आहे. पुढच्या वेळी गोळ्या १.०५ ग्रॅमच्या आसपास घे, पटकन तोल आणि बाटली लगेच बंद कर. पाणी आधी उकळून गार केलेलं घेतलंस तर कार्बोनेटही कमी होईल.

द्रावण काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नकोस, बूच कायमचं चिकटतं. प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट झाकणाने ठेव. लेबलवर '०.१ नॉर्मल' नको. '०.०९६० नॉर्मल, ऑक्झॅलिकने' आणि आजची तारीख लिही, म्हणजे आठवड्याने हीच बाटली कुणी उचलली तर त्याला पुन्हा अनुमापन करायचं कळेल. ब्युरेट मात्र आजच धू: नळाचं पाणी, मग अगदी विरल हायड्रोक्लोरिक, मग डिस्टिल्ड वॉटर. काचेची तोटी असेल तर ती काढून पुसून, कागदाचा कपटा मध्ये घालून ठेव.